प्रोबेटसाठी घरातील सामान, भांडी आणि जुनी चित्रे यांची किंमत कशी लावावी? (सांगली)

कृष्णाकाठ

नमस्कार. आमच्या आत्या गेल्या श्रावणात वारल्या. त्यांना मूलबाळ नव्हते. गावभागातील वाड्यातला त्यांचा निम्मा हिस्सा, बँकेतील ठेवी, थोडे शेअर आणि घरातील सगळे सामान त्यांनी मृत्युपत्राने मला, माझ्या धाकट्या बहिणीला आणि पुण्यातील चुलतभावाला समान दिले असून मृत्युपत्राची व्यवस्थापक म्हणून माझे नाव घातले आहे. आपल्या भागात हिंदूंच्या मृत्युपत्राला प्रोबेट (मृत्युपत्र खरे असल्याचा न्यायालयाचा दाखला) सक्तीचे नाही हे मला ठाऊक आहे. परंतु शेअर नावावर करताना प्रोबेट मागितले गेले, आणि चुलतभावालाही सगळे न्यायालयातून झालेले बरे वाटते, म्हणून अर्ज करायचे ठरवले.

ठेवी आणि शेअर यांचे आकडे कागदावर मिळाले, वाड्याची किंमत मूल्यांककाने दिली. अडले आहे ते सामानापाशी. वकीलसाहेबांनी मसुद्यात 'किरकोळ घरगुती सामान, अंदाजे ५०,००० रुपये' अशी एकच ओळ लिहिली. ती वाचून चुलतभावाचा दूरध्वनी आला, की दिवाणखान्यातील सरस्वती रविवर्म्याची आहे, ती एकटीच काही लाखांची असेल, मग पन्नास हजार कसे? माझ्या बहिणीचे म्हणणे याच्या अगदी उलट आहे: महापुरात भिजलेल्या सामानाला कोण काय देणार, उगाच आकडा फुगवून कोर्ट फी कशाला वाढवायची?

घरात ठळक असे एवढे आहे: शिसवी कपाट (२०१९ च्या पुराची रेघ त्याच्या दारावर गुडघ्याच्या वर अजून दिसते), पितळी कड्यांचा झोपाळा, माळ्यावर तांब्यापितळेची भांडी, देवघरातील चांदीचे टाक व उपकरणी, आत्यांचा मिरजेचा तंबोरा, सरस्वतीचे चित्र, घाटाचे एक जलरंगातील चित्र ज्यावरची सही लागत नाही, आणि जिन्यात टांगलेले सांबराचे शिंग. मला विचारायचे आहे ते असे, की किंमत कोणती धरायची? घेतली तेव्हाची, तशीच नवी आज घेतल्यास पडेल ती, की मोडीची?

निवृत्त_शिरस्तेदार

आपण विचारलेल्या तिन्हींपैकी एकही नाही. धरायची ती बाजारकिंमत, म्हणजे ती वस्तू आज आहे त्या अवस्थेत, घाईगर्दी न करता विकायला काढली तर समजूतदार गिऱ्हाईक जे देईल ते. नव्या झोपाळ्याला किती पडतात याचा येथे काही संबंध नाही, आणि आत्यांनी तो किती हौसेने करून घेतला याचाही नाही.

भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ च्या कलम २७६ प्रमाणे अर्जात अर्जदाराच्या हाती येण्याजोग्या मालमत्तेची रक्कम सांगावी लागते, आणि अर्जासोबत मूल्यांकनाचे प्रतिज्ञापत्र जोडावे लागते. त्याला दोन परिशिष्टे असतात. 'अ' मध्ये मालमत्ता. 'ब' मध्ये वजावटी, म्हणजे मयताची देणी, अंत्यसंस्काराचा खर्च, गहाणाचा बोजा, आणि मयताकडे केवळ विश्वस्त म्हणून असलेली मालमत्ता. परिशिष्ट 'अ' मध्ये रोकड, घरगुती सामान, कपडे, पुस्तके, चांदीची भांडी, दागिने हे सगळे एकाच बाबीत येते आणि तिथे किंमत व्यवस्थापकाने आपल्या प्रामाणिक समजुतीप्रमाणे लावायची असते. म्हणून आपल्या वकिलांनी एक ओळ लिहिली यात बेकायदा काही नाही. मी नोकरीत असताना बहुतेक अर्ज तसेच येत. परंतु ती समजूत कशावरून झाली, हे उद्या कोणी विचारले तर दाखवायला हातात यादी हवी. तिथे 'अंदाजे' या शब्दामागे लपता येत नाही, कारण प्रतिज्ञापत्रावर सही आपली असते, वकिलाची नव्हे.

बहिणीला हेही सांगावे, की अर्जाची खबर महसूल खात्याकडे जाते आणि मूल्यांकन कमी वाटल्यास त्यांना चौकशी मागता येते. शिवाय प्रोबेट मिळाल्यापासून सहा महिन्यांच्या आत व्यवस्थापकाने मालमत्तेची पूर्ण व खरी यादी, आणि एक वर्षाच्या आत हिशेब न्यायालयात सादर करायचा असतो (कलम ३१७). आज पन्नास हजारांत गुंडाळलेले सामान सहा महिन्यांनी यादीत तीन लाखांचे कसे झाले, हे सांगताना पंचाईत होते.

किमतीच्या आधी एक काम करा. कोणती वस्तू खरोखर आत्यांची होती ते ठरवा. वाड्यात निम्मा हिस्सा दुसऱ्याचा आहे असे आपल्या लिहिण्यावरून दिसते. माळ्यावरची भांडी कोणाची?

पितळी_समई

शिरस्तेदारांच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर बहुधा भांड्यांवरच लिहिलेले सापडेल. आमचे तीन पिढ्यांचे भांड्यांचे दुकान आहे, त्या अनुभवावरून सांगतो. आपल्याकडे लग्नात, मुंजीत दिलेल्या भांड्यावर नाव घालण्याची रीत होती. काठाखाली, कधी बुडाला, टिंबाटिंबांनी कोरलेले असते. चिंचेने घासून, उन्हात तिरपे धरून पाहावे. पुष्कळदा नावासोबत शकही असतो, त्यात ७८ मिळवले की इसवी सन येते. शके १८४४ चा हंडा म्हणजे १९२२ चा. मालकी आणि वय दोन्ही एका ओळीत मिळते, तेही ज्याने दिले त्याच्या साक्षीने.

आता किंमत. सगळी भांडी एकदम काट्यावर घालून मोडीचा भाव लावणे ही सर्रास होणारी चूक आहे. आधी तांबे, पितळ, कासे असे वेगळे करावे, कारण तिघांचे भाव वेगळे. मग प्रत्येक ढिगातून ठोक्याची भांडी बाजूला काढावीत. आतून बोट फिरवले की ठोक्यांचे खळगे लागतात, पत्र्याच्या किंवा साच्याच्या भांड्याला ते लागत नाहीत. ठोक्याचा घंगाळ, नळीचा बंब, झाकणासह पूर्ण असलेला पितळी डब्यांचा संच, जोडीतील समया यांना आज हौशी गिऱ्हाईक आहे आणि ते नगावर घेते, वजनावर नाही. जोडीतली एक समई हरवली असेल तर उरलेलीची किंमत निम्मी होत नाही, निम्म्याहून बरीच कमी होते. उरलेली भांडी, म्हणजे चेपलेली, झाळलेली, बूड गेलेली, यांना मोडीचाच भाव लावावा, त्यात लाजण्यासारखे काही नाही.

झोपाळ्याच्या बाबतीत फळीपेक्षा कड्या पाहाव्यात. कड्यांवर मोर, हत्ती, स्वार असे ओतीव काम असेल आणि चारही बाजूंच्या कड्या जुळत असतील, तर फळी वाळवीने खाल्लेली असली तरी झोपाळ्याला किंमत आहे.

चांदीबद्दल एवढेच, की टाकांच्या मागे पुष्कळदा तांब्याचा पत्रा असतो आणि चांदीच्या समईच्या पोकळीत लाख भरलेली असते. एकूण वजनाला चांदीचा भाव लावलात तर आकडा खोटा येईल. सराफ कट्ट्यावर टंच (शुद्धता) काढून घ्यावा, त्या दिवशीचा भाव, निव्वळ वजन आणि घट हे तिन्ही त्याच चिठ्ठीवर लिहून घ्यावे. घडणावळ मात्र धरू नका. विकताना ती कोणी देत नाही.

वाईचा_घाट

आमचा अनुभव सांगतो, कदाचित उपयोगी पडेल. वडिलांच्या पश्चात आम्ही एका मूल्यांककाकडे गेलो. त्यांनी वाड्यात पाऊलही न टाकता, आम्ही दूरध्वनीवरून पाठवलेल्या छायाचित्रांवरून दीड पानाचा अहवाल दिला. त्यात 'पुरातन कपाट, उत्कृष्ट अवस्था' असे लिहिले होते. कपाटाच्या मागची फळी प्लायवूडची होती, मीच १९९० च्या सुमारास बसवून घेतली होती. पुढे भावांत वाद झाला तेव्हा समोरच्या वकिलाने नेमके तेच वाक्य मोठ्याने वाचले. फी आम्ही एकूण किमतीच्या टक्केवारीवर दिली होती, म्हणजे आकडा जितका मोठा तितकी फी मोठी; हे तेव्हा आमच्या लक्षात आले नाही. मूल्यांकक आयकर खात्याकडे नोंदणी झालेला आणि त्याच वर्गातला असावा. जमीन-इमारतींचा मूल्यांकक वेगळा, दागिन्यांचा वेगळा, कलाकृतींचा वेगळा.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. रविवारी मी, बहीण आणि शेजारचे दोन वडीलधारे असे बसून माळा उतरवला. एकूण ६३ नग निघाले. त्यांपैकी अकरा भांड्यांवर वाड्याचा दुसरा निम्मा हिस्सा ज्यांचा आहे त्या काकांच्या घराण्याचे नाव आहे, म्हणजे ती त्यांची. ती बाजूला ठेवून त्यांच्या मुलाला कळवले. घंगाळावर आत्यांच्या आईचे, म्हणजे माझ्या आजीचे, माहेरचे नाव आणि शके १८५१ आहे. आजी गेल्यावर तो आत्यांकडे आला हे घरात सर्वांना ठाऊक आहे, तेव्हा त्याबद्दल वाद नाही. प्रत्येक नगाचे वजन, उंची, अवस्था आणि कोणत्या खोलीत होता हे वहीत लिहून चौघांनी सह्या केल्या.

आता सरस्वती. चौकट सोनेरी, काच पुढे, मागे तपकिरी कागद चिकटवलेला. वस्त्राला जर आणि टिकल्या लावलेल्या आहेत. हाताला कॅनव्हाससारखा खरखरीतपणा काचेच्या फटीतून लागतो, त्यामुळे चुलतभाऊ म्हणतो की हे तैलचित्रच. उघडून पाहावे का?

जलरंग_सातारा

कृपा करून घाईने उघडू नका. मी चित्रांच्या जतनाचे काम करते आणि पुरानंतर आलेली अशी चित्रे बरीच हाताळली आहेत. चित्र ओले झाले असल्यास रंगाचा थर किंवा कागद काचेला चिकटून बसतो. काच उचलताच सरस्वतीचा चेहरा काचेसोबत निघून आलेला मी पाहिला आहे. आधी विजेरी तिरपी धरून काचेतून बघा. काही ठिकाणी काच आणि चित्र यांच्यामध्ये काळसर, ओलसर दिसणारे डाग असतील तर तिथे ते चिकटलेले आहे. तसे असेल तर हात लावू नका. नसेल तर स्वच्छ सुती चादरीवर चित्र पालथे ठेवून मागचा कागद आणि खिळे काढा. ओल्या फडक्याने काहीही पुसू नका.

खरखरीतपणावरून तैलचित्र ठरत नाही. रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला हलला आणि नंतर जर्मन तंत्रज्ञ फ्रिट्झ श्लायशर यांच्याकडे गेला. तिथे प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड वापरून ही देवादिकांची चित्रे छापली जात, आणि वर वार्निश व कॅनव्हासचा उठाव दिला जाई, जेणेकरून ते तैलचित्रासारखे दिसावे. ओलिओग्राफ म्हणतात ते हेच. घरोघरच्या बायकांनी त्यावर जर, टिकल्या, मोती लावले. आपल्या भागातल्या बहुतेक 'रविवर्म्याच्या' सरस्वती, लक्ष्मी याच आहेत.

ओळखायचे असे: सराफाकडची दहापट दाखवणारी भिंग घ्या आणि गालाचा किंवा आकाशाचा मऊ भाग पाहा. छापील असेल तर बारीक ठिपके किंवा दगडाचा रवाळ पोत दिसेल; हाताने रंगवलेले असेल तर रंग एकमेकांत मिसळलेले दिसतील आणि कुंचल्याची ओढ दिसेल. दुसरे, खालच्या कडेला छापखान्याचे नाव असते, पण चौकट करणाऱ्याने ते झाकलेले किंवा कापून टाकलेले असते. तिसरे, आकार. साधारण २० × १४ इंच असेल तर संशय घ्यायला जागा आहे. चुलतभावाला एकदा औंधला घेऊन जा. खटाव तालुक्यातले श्री भवानी संग्रहालय बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी उभारले आणि तिथे रविवर्म्याची मूळ तैलचित्रे आहेत. ती डोळ्यांसमोर पाहिल्यावर वाद आपोआप मिटतो असा माझा अनुभव आहे.

ओलिओग्राफला किंमत नाही असे मात्र समजू नका. जुने छापे गोळा करणारे लोक आहेत. किंमत ठरते ती छाप किती सुरुवातीची, रंग किती उडाले, कागद कुठे फाटला, बुरशी किती आणि कडेवरचे छापखान्याचे नाव शाबूत आहे का, यावर. जर-टिकल्यांमुळे काही गिऱ्हाइके जास्त देतात, काही कमी. मला विचाराल तर त्या काढू नयेत.

घाटाच्या जलचित्राचे छायाचित्र, सहीसह, येथे टाकाल का? आपल्या भागात औंध आणि कोल्हापूर या दोन्ही दरबारांच्या आश्रयाने चांगले चित्रकार झाले. सही लागत नाही म्हणून ते 'किरकोळ'मध्ये घालू नये.

प्रीतिसंगम

करसल्लागार म्हणून दोन-तीन गोष्टी सांगतो, कारण प्रोबेटच्या आकड्याचा आणि कराचा पुष्कळ लोक घोळ करतात. आपल्याकडे मृत्यूनंतर मालमत्तेवर लागणारा संपदा शुल्काचा कायदा १९८५ मध्येच बंद झाला, आणि मृत्युपत्राने मिळालेल्या वस्तूवर घेणाऱ्याला आयकर नाही. तेव्हा कर वाचवण्यासाठी किंमत कमी दाखवायला काही कारण उरत नाही. फरक पडतो तो पुढे विकताना.

कपाट, झोपाळा, भांडी, कपडे या वापरातल्या वस्तू 'वैयक्तिक वापराच्या' म्हणून भांडवली मालमत्तेत धरल्या जात नाहीत, त्यांच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर नाही. परंतु दागिने, चित्रे, रेखाटने, शिल्पे आणि कोणतीही कलाकृती या सवलतीतून वगळलेल्या आहेत. सरस्वती किंवा जलचित्र उद्या विकले तर नफ्यावर कर द्यावा लागेल. आत्यांनी ती किती वर्षे सांभाळली हा काळही तुमच्याच खात्यात धरला जातो, त्यामुळे नफा दीर्घकालीन ठरतो (मर्यादा २४ महिन्यांची), आणि २३ जुलै २०२४ पासून त्यावर साडेबारा टक्के दर आहे. वस्तू १ एप्रिल २००१ पूर्वीची असेल तर खरेदीची किंमत म्हणून त्या दिवशीची बाजारकिंमत धरण्याची मुभा आहे. म्हणून मूल्यांककाकडून चित्रांचे दोन आकडे एकदमच घ्यावेत, एक आजचा आणि एक १ एप्रिल २००१ चा. दहा वर्षांनी पुन्हा त्याच्या मागे लागण्यापेक्षा हे स्वस्त पडते.

वयाचाही विचार करावा. १०० वर्षांहून जुनी कलाकृती पुरावस्तू ठरते. १९७२ च्या कायद्याप्रमाणे ती खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही, तिचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही, आणि शिल्पे, चित्रे यांसारख्या ठरावीक वर्गांची नोंदणी लागते. देवघरातील जुन्या धातूच्या मूर्तीही यात येऊ शकतात, हे लोक विसरतात. रविवर्म्याचे मूळ चित्र असेल तर ते राष्ट्रीय कलासंपत्ती म्हणूनही बाहेर जाऊ शकत नाही. चुलतभावाच्या मनात परदेशातील लिलाव असेल तर हे आधीच सांगा.

आणि ते सांबराचे शिंग. त्याला किंमतच लावू नका. ते वन्यजीव कायद्याखाली येते, विकता येत नाही. मालकीचे प्रमाणपत्र असेल तर ते यादीला जोडा. नसेल तर वन विभागाकडे जा. घरात पिढ्यान्‌पिढ्या आहे हे उत्तर तिथे पुरत नाही. असा साठा जाहीर करण्याची संधी २००३ मध्ये दिली गेली होती.

पितळी_समई

शिंगाबाबत सहमत. आमच्याकडे एकाने असे शिंग झोपाळ्यासोबत विकायला आणले होते, आम्ही दारातूनच परत पाठवले.

कृष्णाकाठ

उशिरा लिहिते आहे, क्षमस्व. काच कुठेही चिकटलेली नव्हती. सरस्वती पालथी घालून मागचा कागद काढला तेव्हा आतून १९६० च्या दशकातील वर्तमानपत्राचा तुकडा निघाला, म्हणजे चौकट तेव्हा बदललेली. भिंगातून गालावर ठिपके स्पष्ट दिसले. खालची कड कापलेली आहे. शेवटच्या ओळीतील अक्षरांची फक्त वरची टोके उरली आहेत. चुलतभाऊ पुण्याहून आला होता. त्याने स्वतः भिंग धरून पाहिले आणि बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, लहानपणी परीक्षेला जाताना आत्या हिच्या पाया पडायला लावायची. कलाकृतींच्या मूल्यांककांनी घरी येऊन पाहिले आणि ओलिओग्राफ म्हणून १८,००० रुपये लिहिले, खालच्या डाव्या कोपऱ्यातील बुरशीचा उल्लेख करून.

जलचित्रावरची सही मोडी लिपीत आहे. वाचून घेतली तर आत्यांच्या दिरांची निघाली, ते हौसेने चित्रे काढीत. बाजारात त्याला काही नाही. तरी यादीत ते स्वतंत्र ओळीवर घेतले आहे, किंमत ५०० रुपये.

एक अडचण मात्र नवीन आली. तंबोऱ्याची किंमत विचारायला मिरजेला कारागिरांकडे गेलो, तर भोपळ्याला तडा असूनही त्यांनी चांगला आकडा सांगितला. ते कळल्यावर आत्यांच्या एका जुन्या शिष्या घरी आल्या आणि म्हणाल्या, तो तंबोरा त्यांच्या वडिलांनी घेऊन दिलेला, शिकवणीसाठी आत्यांकडे ठेवलेला. पावती नाही, पण १९८७ चे आत्यांच्या हातचे पत्र आहे, 'तुझा तंबोरा तारा बदलून ठेवला आहे' असे. तो परिशिष्ट 'अ' मध्ये घालावा का?

निवृत्त_शिरस्तेदार

पत्र आत्यांच्या हातचे आहे आणि त्यात 'तुझा' हा शब्द आहे. तो आत्यांचा नव्हता, तेव्हा त्याची किंमत धरायचे कारणच नाही. परंतु गुपचूप वगळू नका. यादीच्या शेवटी, घरात असलेल्या पण मयताच्या मालकीच्या नसलेल्या वस्तू म्हणून काकांच्या घराण्याची अकरा भांडी आणि हा तंबोरा लिहा, पत्राची प्रत जोडा, आणि तिन्ही भाचरांची 'हरकत नाही' अशी सही घ्या. सोपवताना पोच घ्यावी.

कृष्णाकाठ

तसेच केले. घरगुती सामानाची अंतिम रक्कम ३ लाख ४१ हजार झाली; त्यात निम्म्याहून जास्त चांदी आहे, जिच्याबद्दल आमच्यापैकी कोणीच भांडले नव्हते. वकीलसाहेबांनी एका ओळीऐवजी यादी जोडायला थोडी कुरकुर केली, पण जोडली. अर्ज गेल्या आठवड्यात दाखल झाला. शिंग वन विभागाला कळवले आहे. त्यांचे लोक येईपर्यंत ते जिन्यातच टांगलेले आहे.